अनाम कुंभार आणि त्याचा शिक्का : स्टुडिओ पॉटरी चळवळीतील नावाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मानवी संस्कृतीच्या इतिहासात मातीच्या भांड्यांना अनन्यसाधारण स्थान आहे. उत्खननात सापडणाऱ्या खापरांवरून इतिहासकार काळ ठरवितात, व्यापाराचे मार्ग शोधतात, लोकांच्या आहाराचा अंदाज बांधतात. मात्र ते खापर कोणाच्या हातचे होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्राचीन ग्रीसमधील एक्झेकियाससारख्या काही कारागिरांनी आपल्या कलशांवर नावे लिहून ठेवली. परंतु असे अपवाद वगळता कुंभार हा इतिहासाच्या दृष्टीने निनावीच राहिला. विसाव्या शतकात स्टुडिओ पॉटरी या चळवळीने हा प्रश्न कलाविचाराच्या केंद्रस्थानी आणला. माती मळण्यापासून भट्टी उतरविण्यापर्यंतचे सर्व काम आपल्या छोट्या कार्यशाळेत, स्वतः किंवा मोजक्या सहकाऱ्यांसह करणारा कलावंत म्हणजे स्टुडिओ पॉटर. कारखान्यातील श्रमविभागणीला नकार देत तो उभा राहिला.

या चळवळीच्या मुळाशी एक विलक्षण विसंगती आहे. तिने आदर्श मानला तो अनाम, निरक्षर, गरीब ग्रामीण कुंभार; आणि तिच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाशी मात्र करणाऱ्याचा शिक्का उमटलेला दिसतो. ही विसंगती व्यक्तींच्या दांभिकतेतून आली, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. अनाम कोण आणि कोणाच्या दृष्टीने, हे तपासल्याशिवाय तिचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखात जपान, इंग्लंड, अमेरिका, नायजेरिया आणि भारत येथील काही उदाहरणांच्या आधारे हा शोध घेतला आहे.

गावगाड्यातील कुंभार अनाम होता काय?

महाराष्ट्राच्या गावगाड्यात कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाला मडकी, रांजण, परळ आणि कौले पुरवायची आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा, अशी ही व्यवस्था होती. संक्रांतीची सुगडी, लग्नात बोहल्याच्या कोपऱ्यांत रचायच्या उतरंडी, अंत्ययात्रेत पुढे धरलेले मडके हे सर्व त्याच्याच आव्यातून येत असे. या मडक्यांवर नाव नसे, कारण नावाची गरज नव्हती. मडके कोणी घडविले हे सारा गाव जाणत होता; ते गळके निघाले तर कोणाच्या दारात जायचे हेही जाणत होता. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जातीने बांधलेली होती आणि बलुत्याचा वाटा मिळविताना कारागिराला मानहानी सोसावी लागे. पण तिच्यात कुंभार अज्ञात नव्हता, एवढे निश्चित.

मराठी भक्तिपरंपरेने तर एका कुंभाराचे नाव सात शतके जपले आहे. तेर येथील गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांच्या डोक्यांवर टिचक्या मारल्या आणि कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. त्यांनी घडविलेले एकही मडके मात्र आज कोणी दाखवू शकत नाही. माणूस उरला, मडके गेले. संग्रहालयांत नेमके याच्या उलट घडते.

मडके गावाबाहेर, दूरच्या बाजारात गेले की काय होते, याचे उदाहरण मुंबईतच सापडते. १८७० च्या दशकात सर जे. जे. कला महाविद्यालयात (तत्कालीन बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट) जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली कुंभकामाचा उपक्रम सुरू झाला. त्यासाठी सिंधमधून झिलईचे काम जाणणारे कारागीर आणण्यात आले. याच काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते; त्या चित्रांतील आकृतिबंध या भांड्यांवर उतरले. ही भांडी युरोपात गेली. त्यांच्यावर संस्थेचे किंवा टेरी यांच्या ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’चे नाव आढळते. सिंधी कारागिरांची नावे आढळत नाहीत. बेळगावात जन्मलेल्या आणि मुंबईच्या संग्रहालयाच्या उभारणीत भाग घेतलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून भारतीय ग्रामकारागिराची मुक्तकंठाने स्तुती केली. पुढे आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ च्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ या पुस्तकात हाच विचार अधिक खोलवर मांडला. अनाम कारागिराचे तत्त्वज्ञान जपानमध्ये आकाराला येण्यापूर्वी त्याची पायाभरणी काही अंशी भारतावरील लेखनात झाली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

कोरियातील वाडगा आणि मिंगेई विचार

१९३१ मध्ये जपानी विचारवंत यानागी सोएत्सू (१८८९–१९६१) यांना क्योतोच्या दाइतोकुजी मंदिर परिसरात एक चहाचा वाडगा पाहण्याची संधी मिळाली. जपानच्या चहासंस्कारात सर्वश्रेष्ठ मानला गेलेला हा वाडगा मूळचा कोरियाचा. यानागींच्या मते तो गरीब माणसाच्या जेवणातले साधे, स्वस्त भांडे होता. घडविणाऱ्याच्या मनात सौंदर्याचा विचारही नव्हता आणि म्हणूनच तो सुंदर झाला. या निरीक्षणावर त्यांनी आपल्या सौंदर्यविचाराचा मोठा भाग उभारला. १९२५ मध्ये त्यांनी हामादा शोजी आणि कावाई कांजिरो या कुंभार मित्रांसह ‘मिंगेई’, म्हणजे लोककला, हा शब्द घडविला होता. १९३६ मध्ये तोक्योत जपानी लोककला संग्रहालय सुरू झाले.

त्या वाडग्याला ‘किझाएमोन’ असे नाव आहे. हे नाव घडविणाऱ्याचे नसून एकेकाळी तो बाळगणाऱ्या ओसाकाच्या व्यापाऱ्याचे आहे. एका भांड्याचा अनामपणा किती निवडक असू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

शिवाय कोरिया १९१० पासून जपानची वसाहत होता. यानागी साम्राज्यवादी नव्हते. १९१९ च्या कोरियन स्वातंत्र्य आंदोलनानंतर त्यांनी कोरियनांच्या बाजूने लिहिले, १९२२ मध्ये सेऊलमधील ग्वांगह्वामुन हे राजप्रासादाचे द्वार पाडण्यास जाहीर विरोध केला आणि १९२४ मध्ये त्याच शहरात कोरियन लोककलेचे संग्रहालय उभारले. तरीही कोरियन कलेकडे पाहताना त्यांना तेथील माणसांचे दुःख आणि सहजता दिसली, त्यांची बुद्धी आणि निवड फारशी दिसली नाही. अशी टीका पुढील काळात कोरियात झाली आणि ती निराधार नाही. त्यांचे स्नेही आसाकावा ताकुमी यांची वाट निराळी होती. वनविभागातील हा जपानी नोकरदार कोरियन भाषा शिकला, कोरियन वेषात वावरला आणि भांडी गोळा करताना त्या भांड्यांना लोक काय म्हणतात व ती कशासाठी वापरतात, हे टिपत गेला. कोरियन भांड्यांच्या नावांवरील त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूच्या वर्षी, म्हणजे १९३१ मध्येच, प्रसिद्ध झाले. कुंभारांची नावे त्यालाही फारशी देता आली नाहीत. पण भांड्याला त्याचे स्वतःचे नाव परत देणे ही लहान गोष्ट नव्हे. सिद्धान्तकार म्हणून यानागी मोठे. अभ्यासक म्हणून मात्र आसाकावाचे पारडे जड आहे.

सेंट आइव्ह्ज : शिक्क्यांची उतरंड

बर्नार्ड लीच (१८८७–१९७९) यांचा जन्म हाँगकाँगचा. चित्रकार म्हणून ते १९०९ मध्ये जपानला गेले आणि १९११ मध्ये एका मेजवानीत पाहुण्यांनी रंगविलेली भांडी त्यांच्यासमोरच राकू पद्धतीने भाजली गेली, तेव्हा या कलेने त्यांना झपाटले. सहाव्या केन्झानकडे त्यांनी शिक्षण घेतले. यानागींच्या आबिको येथील जागेत त्यांनी भट्टी उभारली. १९२० मध्ये हामादांना सोबत घेऊन ते इंग्लंडला परतले आणि कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज या मासेमारीच्या गावी त्यांनी कार्यशाळा सुरू केली. तेथे पाश्चात्त्य जगातील पहिली मानली जाणारी, उतारावर चढत जाणारी जपानी धाटणीची भट्टी बांधण्यात आली. पुढे मात्सुबायाशी त्सुरुनोसुके या जपानी तज्ज्ञाने ती नव्याने बांधली.

सुरुवातीची वर्षे ओढगस्तीची होती. भट्टीच्या भट्टी वाया जाई आणि ग्राहक तुरळक असत. त्याच काळात विल्यम स्टेट मरे हा इंग्रज कुंभार आपल्या भांड्यांना चित्रांप्रमाणे शीर्षके देऊन कलादालनांत चढ्या भावाने विकत होता. लीच यांना हा मार्ग मान्य नव्हता. रोजच्या वापरात येणारे, परवडणारे भांडे हेच कुंभाराचे खरे काम, अशी त्यांची धारणा दृढ होत गेली. १९४० मधील ‘अ पॉटर्स बुक’ या त्यांच्या ग्रंथातून ती जगभर पोहोचली. हे पुस्तक म्हणजे एका पिढीसाठी धर्मग्रंथच ठरले. त्यात माती, झिलई आणि भट्टी यांची कृती होती आणि जगावे कसे याचाही उपदेश होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून सेंट आइव्ह्ज येथे ‘स्टँडर्ड वेअर’ नावाने ठरावीक नमुन्यांची भांडी नियमितपणे होऊ लागली. शिकाऊ कुंभार तीच घागर, तोच पेला शेकड्यांनी घडवीत. या भांड्यांवर फक्त कार्यशाळेचा वर्तुळाकार शिक्का उमटे. शिकाऊंच्या स्वतंत्र भांड्यांवर त्यांची चिन्हे आणि लीच यांच्या भांड्यांवर ‘बी’ व ‘एल’ ही रोमन आद्याक्षरे असत. आज लिलावात या दोन प्रकारच्या भांड्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असते. आणखी एक गोष्ट आहे. १९३८ मध्ये कोवळ्या वयात कामाला लागलेला स्थानिक मुलगा विल्यम मार्शल पुढे कार्यशाळेचा मुख्य कारागीर झाला. लीच यांची उत्तरायुष्यातील अनेक मोठी भांडी चाकावर मार्शलने ओढली. लीच यांनी ती सजविली. शिक्का मात्र लीच यांचा राहिला. कल्पना आणि आकार लीच यांचे होते, हे खरे. परंतु चाकावर माती उभी करणारे हात ज्याचे, तो कुंभार, अशी शिकवण ज्या चळवळीने दिली, तिच्या काशीतच हे घडले, याची नोंद घेणे भाग आहे. लीच यांनी पौर्वात्य परंपरेची केलेली मांडणी किती निवडक होती, हे कुंभार आणि लेखक एडमंड द वाल यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिल्यावर ब्रिटनमध्ये बरीच खळबळ उडाली. मार्शलच्या हातांविषयी मात्र तेवढी चर्चा झाली नाही.

माशिको आणि ओन्ता

हामादा (१८९४–१९७८) जपानला परतले आणि १९२४ पासून माशिको या गावाशी जोडले गेले. माशिकोत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तोक्योच्या स्वयंपाकघरांसाठी रांजण, मातीची भांडी आणि किटल्या तयार होत होत्या. तेथे त्यांनी गावातलीच माती आणि झिलई वापरली आणि भांड्यांवर नाव घालणे सोडून दिले. मिंगेई विचाराशी ते कृतीतून प्रामाणिक राहिले, असे म्हणता येईल. पण जपानी रिवाजानुसार मौल्यवान भांडे लाकडी पेटीतून दिले जाते आणि त्या पेटीच्या झाकणावर कर्ता आपले नाव लिहितो. हामादांचे भांडे निनावी होते. पेटीवर त्यांची सही होती. पेटी हरवली की भांड्याचा भाव उतरतो, हे प्रत्येक व्यापारी जाणतो.

१९५५ मध्ये जपान सरकारने हामादांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरविले. विशेष म्हणजे हा सन्मान ‘लोककलेची भांडी’ या वर्गात देण्यात आला. लोकांच्या अनाम कलेचा एक नामांकित धारक ठरविला गेला. कावाई कांजिरो यांनी असा सन्मान नाकारला होता. त्यांची भांडीही स्वाक्षरीविना राहिली.

याच माशिकोत मिनागावा मासू (१८७४–१९६०) ही वृद्धा मातीच्या किटल्यांवर डोंगर-पाण्याचे दृश्य रंगवीत असे. बालपणापासून हेच काम करणारी ही स्त्री दिवसाला शेकडो किटल्या हातावेगळ्या करी. यानागींनी तिच्यात आपला आदर्श कारागीर पाहिला आणि तिच्याविषयी लिहिले. त्यामुळे ती प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या क्षणी अनाम कारागीर सापडला, त्याच क्षणी तो अनाम राहिला नाही. अर्थात तिच्या शेजाऱ्यांना तिचे नाव आधीच माहीत होते.

क्यूशू बेटावरील ओन्ता या डोंगरी खेड्याची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. दहाच्या आसपास कुंभार कुटुंबे, ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी उखळांत कुटली जाणारी माती, बापाकडून मुलाकडे जाणारे चाक अशी ही वस्ती. यानागी तेथे १९३१ मध्ये गेले. लीच १९५४ मध्ये काही आठवडे राहून काम करून आले. त्यानंतर ग्राहकांचा ओघ सुरू झाला. भांड्यावर व्यक्तीचे नाव घालायचे नाही, हा संकेत गावाने पाळला. परंतु ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ब्रायन मोरान यांनी तेथे राहून केलेल्या आणि १९८४ मध्ये ‘लॉस्ट इनोसन्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे, मागणी आणि भाव वाढल्यावर सामूहिक कामाची जुनी घडी विस्कटू लागली, घराघरांतील उत्पन्नाचे अंतर वाढले आणि कोणाचे भांडे सरस हा प्रश्न बाहेरच्यांनी गावात आणला. निनावीपणा टिकवायचा तर आता ठराव करावा लागत होता. पूर्वी तो आपोआप टिकत होता. १९९५ मध्ये ओन्ताच्या कुंभकलेला सरकारने सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, तो एका कुंभाराला नव्हे, तर साऱ्या गावाला.

सही वाटून घेणारी स्त्री

१९५२ मध्ये इंग्लंडमधील डार्टिंग्टन येथे कुंभार व विणकरांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. (डार्टिंग्टनची संस्था उभारणारे लिओनार्ड एल्महर्स्ट त्यापूर्वी रवींद्रनाथांसोबत श्रीनिकेतनात ग्रामसुधारणेचे काम करीत होते, हा योगायोग नव्हे.) तेथून लीच, यानागी आणि हामादा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. न्यू मेक्सिकोतील सॅन इल्देफोन्सो या मूलनिवासी वस्तीत त्यांनी मारिया मार्टिनेझ यांची भेट घेतली.

मारिया यांची काळ्यावर काळी नक्षी असलेली, चाकाशिवाय घडविलेली भांडी तेव्हा जगप्रसिद्ध होती. त्या भांडे घडवीत आणि घासून चकाकी आणीत. पती हुलियान नक्षी काढीत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गोऱ्या ग्राहकांच्या आग्रहावरून भांड्यांवर नाव येऊ लागले. नाव असलेल्या भांड्याला जास्त पैसे मिळतात, हे गावातील इतर स्त्रियांच्या लक्षात आले. त्यांनी विनंती केली की मारिया त्यांच्याही भांड्यांवर सही करून देत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. संग्राहकांना हे फसवणुकीसारखे वाटले. मारिया यांच्या दृष्टीने ते सुगीचा वाटा सर्वांना पोहोचविण्यासारखेच होते. नाव ही बाजाराने दिलेली वस्तू. ती वाटून घेण्यात त्यांना संकोच वाटला नाही. कोणत्याही सिद्धान्तकारापेक्षा या प्रश्नाचे मर्म त्यांनीच अधिक नेमके ओळखले, असे म्हणावेसे वाटते.

नायजेरियातील लादी क्वाली (सुमारे १९२५–१९८४) यांचे उदाहरण याच्या जवळ जाणारे आहे. क्वाली हे त्यांच्या गावाचे नाव. मातीच्या वळ्या रचून मोठे पाण्याचे घडे घडविण्याची आणि त्यांवर प्राण्यांच्या आकृती कोरण्याची तेथील स्त्रियांची रीत त्या लहानपणी शिकल्या. लीच यांचे पहिले शिष्य मायकेल कार्ड्यू यांनी १९५० मध्ये अबुजाच्या अमीराच्या वाड्यात त्यांचे घडे पाहिले. अमीराला ते कोणी घडविले हे ठाऊक होते. ‘शोध’ लागला तो कार्ड्यूंना. १९५४ मध्ये लादी क्वाली कार्ड्यूंच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. तेथे त्यांच्या पारंपरिक घड्यांना झिलई चढली, उच्च तापमानाची भट्टी लाभली आणि नावाचा ठसा उमटला. ही भांडी लंडनच्या कलादालनांत विकली गेली. झिलईमुळे एक गोष्ट बदलली, जिच्याकडे दुर्लक्ष होते. साध्या भाजलेल्या घड्यातून पाणी पाझरते आणि गार राहते. झिलईच्या घड्यात ते होत नाही. पाण्याचा घडा आता पाहण्याची वस्तू झाला. २००७ मध्ये चलनात आलेल्या २० नायराच्या नोटेच्या मागील बाजूस लादी क्वाली घडा घडविताना दिसतात.

दिल्लीचा अब्दुल्ला आणि धारावीचा कुंभारवाडा

भारतातील स्टुडिओ पॉटरीचे आद्य पुरुष सरदार गुरुचरण सिंग (१८९८–१९९५) हे भूगर्भशास्त्राचे पदवीधर. १९१९ ते १९२२ या काळात ते जपानमध्ये होते आणि तेथे लीच, यानागी, हामादा या वर्तुळाशी त्यांचा परिचय झाला. १९५२ मध्ये त्यांनी दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी सुरू केली. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र जपानला जाण्यापूर्वी त्यांचे पहिले गुरुकुल होते दिल्लीतील एक साधी कार्यशाळा, आणि निळ्या झिलईचे काम त्यांनी तेथील अब्दुल्ला या पठाण कारागिराकडे पाहिले. या अब्दुल्लाच्या घराण्यात निळ्या झिलईचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. अब्दुल्लाचे नाव आज ठाऊक आहे, ते गुरुचरण सिंग यांनी ते आवर्जून सांगितले म्हणून. मुंबईत टेरी यांच्या हाताखाली काम केलेल्या सिंधी कारागिरांना असा शिष्य लाभला नाही.

१९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकी दांपत्याने पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी स्थापन केली. तेथे शिकलेल्या अनेकांनी देशभर आपापल्या कार्यशाळा काढल्या आणि आजच्या भारतीय स्टुडिओ पॉटरीचा मोठा भाग तेथूनच फुटलेल्या फांद्यांचा आहे. हे बहुतेक विद्यार्थी शहरी, सुशिक्षित घरांतून आलेले होते. परंपरागत कुंभार समाजातून या क्षेत्रात आलेल्यांची संख्या तुलनेने कमी राहिली. त्याला भांडवल, इंग्रजी भाषा आणि कलादालनांशी ओळख या गोष्टी कारणीभूत आहेत. हाताच्या कसबाचा येथे प्रश्नच नाही.

मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची वस्ती १९३० च्या दशकापासून आहे. घराच्या पुढच्या भागात चाक, मागे बिऱ्हाड आणि मधल्या सामाईक जागेत भट्ट्या, अशी तिची रचना. दिवाळीच्या आधीच्या महिन्यांत तेथून पणत्यांचे ढीग टेम्पोंत भरून शहरभर जातात. दादरच्या फुटपाथवर त्या डझनाच्या भावाने विकल्या जातात. त्या पणत्यांवर शिक्का नसतो. कुंभारवाड्यातल्या कोणालाही विचारले, तर कोणत्या घराची पणती कोणती, हे तो बोट लावून सांगतो.